विक्कामध्ये शब्द कसे निवडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्का, विक्कन, विच, पेगन: यांतला कोणता शब्द कशासाठी?

विक्का हे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेल्या, देवी आणि देव, चंद्र आणि ऋतू यांची पूजा करणाऱ्या धर्माचे नाव आहे आणि तो पाळणारा तो विक्कन. पेगन हे त्याहून मोठे कूळ, ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपीय धर्मांपासून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या धर्मांचे. त्यात ड्रुइड येतात, हीदन येतात, विक्कनही येतात. विच म्हणजे विचक्राफ्ट करणारी व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष. तिचा धर्म कोणताही असू शकतो किंवा कोणताच नसू शकतो. त्यामुळे विक्कन माणूस पेगन असतोच, पण प्रत्येक विच विक्कन नसते. काही विक्कन लोक स्वतःला विच म्हणवूनही घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी पूजा महत्त्वाची आणि मंत्रतंत्र दुय्यम.

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत ‘अन्य धर्म’ या रकान्यात नाव स्वतः लिहावे लागते. २०११ मध्ये ५६,६२० लोकांनी पेगन लिहिले आणि ११,७६६ जणांनी विक्का. २०२१ मध्ये हे आकडे सुमारे ७४,००० आणि १३,००० झाले. ज्या विक्कनाने नुसते ‘पेगन’ लिहिले तो विक्काच्या आकड्यात आलाच नाही. फॉर्म भरताना म्हणूनच नेमका शब्द लिहावा, बोलताना थोडी ढिलाई चालते.

‘विक्का’ म्हणायचे की ‘विच्चा’? आणि जुन्या पुस्तकांत त्यात एकच ‘सी’ का दिसतो?

आज सगळीकडे ‘विक्का’ म्हणतात आणि देवनागरीतही तेच लिहावे. जुन्या इंग्रजीत याच अक्षरांचा शब्द ‘विच्चा’सारखा उच्चारत आणि तो पुरुषासाठी होता. बाईसाठी ‘विच्चे’ होता.

विक्का जगापुढे आणणारे इंग्रज लेखक जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली हा शब्द छापला तेव्हा एकच ‘सी’ लिहिला होता, आणि त्यांच्या लेखी तो धर्माचे नाव नव्हता. ते त्या लोकांना मिळून ‘विका’ म्हणत. दोन ‘सी’ १९६०च्या दशकात रूढ झाले. रेमंड बकलंड यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या सीअक्स-विका परंपरेत मात्र एकच ‘सी’ आहे. ती छपाईची चूक नाही, दुरुस्त करू नये.

‘विक्का म्हणजे शहाण्यांचा मार्ग’ हे वाक्य फार फिरते. गार्डनर तसे मानत, पण शहाणपणाचा इंग्रजी शब्द वेगळ्या धातूचा आहे. ते वाक्य आपल्या परिचयपत्रकात घालू नये. भाषेचा थोडासा अभ्यास असलेला वाचक तिथेच अडतो आणि पुढचे खरेही त्याला खोटे वाटू लागते.

मी एकट्यानेच साधना करतो. स्वतःला गार्डनेरियन म्हणू शकतो का?

नाही. गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन ही दीक्षेच्या साखळीची नावे आहेत. ज्याला दीक्षा मिळाली त्याला ती कुणी दिली, त्याला कुणी दिली, असे मागे मागे जात गार्डनर (१८८४ ते १९६४) किंवा अ‍ॅलेक्स सँडर्स (१९२६ ते १९८८) यांच्यापर्यंत पोचता आले पाहिजे. नुसती पुस्तके वाचून किंवा त्या पद्धतीचे विधी करून हे नाव लागत नाही. गंमत म्हणजे ‘गार्डनेरियन’ हा शब्द सुरुवातीला विरोधकांनी हिणवायला वापरला. पुढे तो अभिमानाने मिरवला जाऊ लागला.

एकट्याने साधना करणाऱ्यासाठी ‘सॉलिटरी’ हा सरळ आणि मानाचा शब्द आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन आपली पद्धत बांधली असेल तर ‘एक्लेक्टिक’. ‘निओ-विक्कन’ हा शब्द दुसऱ्याला लावू नये; तो बहुधा कमी लेखण्यासाठीच येतो.

अमेरिकेत दीक्षेच्या परंपरांना मिळून ‘ब्रिटिश ट्रॅडिशनल’ म्हणतात. इंग्लंडमध्ये तोच शब्द उच्चारलात तर गार्डनरशी संबंध नसलेल्या, वेगळ्या जुन्या घराण्यांविषयी बोलताय असे समजले जाईल. तिथे ‘दीक्षेची विक्का’ असे म्हटले की गोंधळ होत नाही.

मग ‘स्वतःच स्वतःला दीक्षा’ हा शब्दप्रयोग चुकीचा आहे का?

यावर दोन तट आहेत. ज्या परंपरेत दीक्षा म्हणजे गटात प्रवेश, तिथे स्वतःच स्वतःला आत घेणे शक्यच नाही. सीअक्स-विकात मात्र स्वतः दीक्षा घेण्याची सोय पहिल्यापासून आहे, आणि १९८८ नंतर स्कॉट कनिंगहॅम यांच्या लेखनामुळे एकट्याचा मार्ग घरोघर पोचला.

आमचा सल्ला असा: ‘समर्पण’ म्हणा. ‘मी अमुक पौर्णिमेला स्वतःला समर्पित केले’ हे वाक्य कुणीच खोडू शकत नाही, आणि त्यात तुमच्या निष्ठेला काही कमीपणाही येत नाही. समर्पणाचे शब्द लिहिताना तीन गोष्टी असू द्या: कुणाला समर्पण, कशासाठी, किती काळासाठी. रूढ मुदत एक वर्ष आणि एक दिवस. ‘जन्मोजन्मी’ किंवा ‘कायमचे’ असे पहिल्याच वर्षी बोलू नये. वर्षभरात मन बदलले तर आपणच उच्चारलेला शब्द मोडल्याची बोच राहते, आणि या मार्गात दिलेल्या शब्दाला फार किंमत आहे.

पुरुषाला ‘वॉरलॉक’ म्हणायचे ना?

बहुतेक विक्कन पुरुषांना ते आवडत नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ शपथ मोडणारा, दगाबाज असा होता. पुरुषही विचच. ‘व्हाइट विच’ही टाळतात, कारण त्यात बाकीचे काळे हे गृहीत धरलेले असते. दुसऱ्याला इजा करण्याच्या जादूला ‘काळी’ न म्हणता ‘घातक’ म्हणण्याकडे आता कल आहे.

‘सो मोट इट बी’, ‘स्कायक्लॅड’, ‘बुक ऑफ शॅडोज’ हे शब्द खरोखर प्राचीन आहेत का?

विक्काची शब्दसंपत्ती चार-पाच ठिकाणांहून गोळा झाली आहे, आणि त्यातले बरेचसे काम १९४० ते १९६० या काळात झाले. कुठला शब्द कुठून आला हे माहीत असेल तर तो कधी वापरायचा आणि कधी सोडायचा हे ठरवता येते.

फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या मंडळींकडून आलेले शब्द सर्वांत जास्त. ‘क्राफ्ट’, तीन पायऱ्यांची दीक्षा, बाहेरच्या माणसाला ‘कोवन’ म्हणणे हे सगळे तिकडचे. विधीच्या वाक्याशेवटी येणारे ‘सो मोट इट बी’ही तिकडचेच, इसवी सन १४०० च्या आसपासच्या मेसन काव्याचा शेवट याच शब्दांनी होतो. ‘मोट’चा अर्थ ‘होवो’. आपल्याकडच्या ‘तथास्तु’च्या जागी तो येतो. गार्डनर स्वतः मेसन होते.

‘एस्बॅट’ आणि तेरा जणांचे ‘कव्हन’, म्हणजे साधकांचा गट, हे मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या पुस्तकामुळे रुळले. त्यांचा मूळ सिद्धांत, म्हणजे युरोपभर एक गुप्त जुना धर्म टिकून होता हा, इतिहासकारांनी केव्हाच फेटाळला आहे. शब्द मात्र राहिले, आणि राहावेत. एस्बॅट म्हणजे चंद्राच्या तिथीची, बहुधा पौर्णिमेची बैठक. दिनदर्शिकेत पौर्णिमा समाप्तीची जी वेळ छापलेली असते तोच पूर्ण चंद्राचा नेमका क्षण. बैठकीची रात्र त्यावरून ठरवावी.

‘अथामे’ हा काळ्या मुठीच्या सुरीचा शब्द सॉलोमनच्या नावावरच्या जुन्या मंत्रपोथ्यांतून आला. हस्तलिखितागणिक त्याची अक्षरे बदलतात, त्यामुळे ‘अथामे’ आणि ‘अ‍ॅथमे’ दोन्ही बरोबर. गटात जो चालतो तो धरावा.

दोन शब्दांचा धागा भारतापर्यंत येतो. विधी विवस्त्र करण्याला ‘स्कायक्लॅड’ म्हणतात. ‘दिगंबर’चे ते सरळ इंग्रजी रूप, आणि जैन साधूंविषयी लिहिताना इंग्रजीत ते आधीपासून वापरात होते. गार्डनर तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यांवर कामाला होते आणि नंतर मलायात कस्टम खात्यात. विधी आणि मंत्र लिहून ठेवण्याची वही म्हणजे ‘बुक ऑफ शॅडोज’, तिची गोष्ट आणखी नेमकी आहे. १९४९ साली एका इंग्रजी नियतकालिकात मीर बशीर या हस्तसामुद्रिकाचा याच शीर्षकाचा लेख आला होता. विषय होता माणसाच्या सावलीवरून भविष्य सांगणारी एक संस्कृत पोथी. समोरच्याच पानावर गार्डनर यांच्या कादंबरीची जाहिरात होती. गार्डनर यांच्या गटातल्या डोरीन व्हॅलियंट (१९२२ ते १९९९) यांनी हे दाखवून दिले आणि नाव तिथूनच उचलले असावे असे मत मांडले.

यामुळे शब्द खोटे ठरत नाहीत. ‘हजारो वर्षांपासून चालत आलेले’ हा दावा तेवढा सोडून द्यायचा.

‘ओल्ड रिलिजन’ आणि ‘बर्निंग टाइम्स’ म्हणावे का?

विधीत, काव्यात म्हणा. इतिहास सांगताना म्हणू नका. नव्वद लाख विच जाळल्या हा आकडा अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या हिशेबातून आला. आजचे अभ्यासक साधारण १४५० ते १७५० या काळात चाळीस ते साठ हजार लोकांना मृत्युदंड झाला असे मानतात, आणि इंग्लंडमध्ये शिक्षा फाशीची होती, जाळण्याची नव्हती. मारले गेलेले लोक विक्कन नव्हते; बहुतेक साधे ख्रिस्ती शेजारी-पाजारी होते. त्यांचे स्मरण करायचे तर ‘आमचे पूर्वज’ न म्हणता ‘ज्यांच्यावर आळ आला ते’ म्हणावे. साठ हजार हा आकडा पुरेसा भयानक आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही.

विधी जुनाट वळणाच्या इंग्रजीतच, म्हणजे ‘दाउ’, ‘दी’, ‘यी’ वापरूनच लिहावा लागतो का?

मुळीच नाही. पण वापरायचा तर व्याकरणाने वापरा. ‘दाउ’ एका व्यक्तीसाठी आणि कर्ता म्हणून, ‘दी’ एका व्यक्तीसाठी, पण कर्म म्हणून, ‘यी’ अनेकांसाठी. ‘दाउ’सोबत क्रियापदाला ‘एस्ट’ लागते. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘दाउ हॅथ’. ‘हॅथ’ तृतीय पुरुषाचे आहे, तिथे ‘हॅस्ट’ हवे. दुसरी चूक एकट्या देवीला ‘यी’ म्हणण्याची.

हे रूप मानाचे आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘दाउ’ जवळिकीचे. मराठी माणसाला हे पटकन कळते, कारण विठ्ठलाला कुणी ‘अहो’ म्हणत नाही, ‘तू’च म्हणतो.

जुनाट भाषेचा मुलामा दिला की मजकूर जुना होत नाही, याचा धडा १९५७ मध्येच मिळाला. प्रसिद्धीवरून वाद पेटला तेव्हा गार्डनर यांनी ‘प्राचीन कायदे’ म्हणून एक मजकूर पुढे केला. भाषा जुनी, पण प्रौढ हाय प्रीस्टेसने, म्हणजे गटाच्या मुख्य पुजारिणीने, तरुण बाईसाठी जागा सोडावी असे एक सोयीचे कलम त्यात होते. व्हॅलियंट यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि त्या गटातून बाहेर पडल्या. त्याआधी, १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर, विधींमधले इंग्रज गूढविद्या-लेखक अ‍ॅलिस्टर क्रोली यांचे उतारे त्यांनीच ओळखले होते, आणि गार्डनर यांच्या संमतीने बराच मजकूर नव्याने लिहिला होता. आज विक्कात जे सर्वांत सुंदर वाटते त्यातले पुष्कळ या बाईंच्या लेखणीतून उतरले आहे.

रीडचे, म्हणजे विक्काच्या मुख्य नीतिवचनाचे, आठ शब्द नेमके कसे लिहायचे?

‘अ‍ॅन इट हार्म नन, डू व्हॉट यी विल.’ पहिला शब्द ‘अँड’ नाही. ‘अ‍ॅन’ हे ‘जर’चे जुने रूप आहे, आणि ते ‘अँड’ वाचले की वाक्याचा अर्थच मोडतो. ‘कुणाला इजा होणार नसेल तर मनाला येईल ते कर’ हा भावार्थ. या रूपात ते १९६४ साली व्हॅलियंट यांच्या भाषणातून लोकांपुढे आले.

‘रीड’ म्हणजे सल्ला, कायदा नव्हे. ‘विक्काचा नियम’ असे भाषांतर करू नये.

दिशांना बोलावण्याचे शब्द कसे रचायचे?

नवे लोक इथेच सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून जरा सविस्तर.

विधी वर्तुळात होतो आणि सुरुवातीला चारही दिशांच्या रक्षकांना बोलावतात. एका दिशेच्या आवाहनाचे चार भाग असतात. आधी संबोधन: दिशा आणि तिचे तत्त्व. मग त्या तत्त्वाचे एखादे खरे, डोळ्यांना दिसणारे लक्षण. मग विनंती: साक्षीला या, वर्तुळ राखा. शेवटी स्वागताचे दोन शब्द, जे सगळे मिळून परत म्हणतात. इंग्रजीत हे २५ ते ३० शब्दांत बसते, मराठीत १५ ते २० मध्ये, कारण आपले प्रत्यय शब्दांतच मुरतात. त्याहून लांब झाले की हात वर धरून उभ्या असलेल्या माणसाचा हात थरथरू लागतो.

चारही आवाहने एकाच घाटाची हवीत. चार जणांना एकेक दिशा वाटून ‘आपापले लिहून आणा’ म्हटले की एक यमकात येते, एक गद्यात, एक दोन ओळींचे आणि एक पानभर. मग परतीचे शब्द कधी म्हणायचे हे कुणालाच कळत नाही आणि वर्तुळाची लय तिथेच तुटते. आधी घाट ठरवा, लक्षणे ज्याची त्याने भरावीत.

क्रियापदावर विचार करा. परंपरेत दिशांच्या रक्षकांना ‘समन’ करतात, म्हणजे हजर व्हायला फर्मावतात. देवीला आणि देवाला ‘इन्व्होक’, म्हणजे आत उतरण्याची प्रार्थना. ‘इव्होक’ म्हणजे समोर, आपल्याबाहेर प्रकट करणे. ही दोन क्रियापदे अदलाबदल करून वापरू नयेत. पूर्वजांना फक्त आमंत्रण. अनेक गटांना आता रक्षकांनाही हुकूम करणे खटकते आणि ते तिथेही आमंत्रणच देतात. दोन्ही चालते. चालत नाही ती सरमिसळ: सुरुवातीला फर्मान आणि शेवटी ‘वाटल्यास थांबा’.

निरोपात तीच नावे, तोच घाट. ज्याला ज्या नावाने बोलावले त्याला त्याच नावाने निरोप. आवाहनात ‘पूर्वेचे रक्षक’ आणि निरोपात ‘वाऱ्याचे आत्मे’ असे झाले तर बोलावलेल्याला निरोप दिलाच नाही असे होते. निरोप आवाहनाच्याच क्रमाने द्यायचा की उलट्या, हे गटागटांत वेगळे असते. आधी ठरवून कागदावर लिहा.

कागदाविषयी: मेणबत्तीच्या उजेडात १२ पॉइंटचा मजकूर वाचता येत नाही, १८ पॉइंट घ्या. जाड कार्डावर छापा, पातळ कागद वाऱ्याने ज्योतीवर जातो. प्रत्येक श्वासाला नवी ओळ.

स्पेलचे, म्हणजे जादूच्या मंत्राचे, वाक्य कसे लिहावे? ‘शब्द चुकला की काम उलटे होते’ हे खरे का?

विक्कन साधक शब्दाला गांभीर्याने घेतात, कारण वर्तुळात जे उच्चारले जाते त्यावर सगळ्यांचे मन एकवटते. शब्द ढिसाळ तर मनही ढिसाळ. काम सहसा या क्रमाने करतात.

आधी हवे ते साध्या गद्यात, एका वाक्यात लिहा. समजा आले: ‘मला बेकारीचा त्रास नको, पैसे मिळू देत.’

‘नको’, ‘नाही’ काढा. मन ज्या शब्दावर टेकते तो इथे ‘बेकारी’ आहे आणि ‘त्रास’ आहे. हवी आहे ती गोष्टच लिहा: काम.

मग हद्द घाला. ‘पैसे मिळू देत’ यात विम्याचा पैसाही येतो, वारसाहक्काचाही येतो, म्हणजे त्याआधी घडणारे संकटही येते. कसले काम, साधारण किती पगार, कधीपर्यंत हे ठरवा.

दुसऱ्या माणसाचे नाव त्याच्या संमतीवाचून आले असेल तर खोडा. ‘अमक्याची जागा मला मिळो’ हे रीडमध्ये बसत नाही. ‘अमका माझ्या प्रेमात पडो’ हेही नाही.

शेवटी सर्वांच्या भल्याचे कलम.

आता छंद. इंग्रजीत चार ठोक्यांच्या, सात अक्षरांच्या ओळी सर्वांत जास्त चालतात, कारण त्या पावलांवर बसतात. मराठीत तेच काम अष्टाक्षरी करते. वरचे वाक्य असे होईल:

दार माझे उघडावे,
वैशाखाच्या पुनवेला
काम हाती माझ्या यावे,
सुख लाभो ज्याला त्याला.

काम आले, मुदत आली, भल्याचे कलम आले, ‘नको’ कुठेच नाही. पगाराचा आकडा ओळीत बसत नाही, तो कागदावर लिहून मेणबत्तीखाली ठेवावा. एकटे असाल तर तीन किंवा नऊ आवर्तने पुरतात. गटात वेग वाढवत न्यायचा असेल तर चारच ओळी ठेवा, सहा झाल्या की कुणीतरी विसरतोच. जोडाक्षरांनी भरलेली ओळ वेगात फुटते. वर ‘पौर्णिमेला’ऐवजी ‘पुनवेला’ घेतले ते त्याचसाठी.

‘मॅजिक’ला शेवटी ‘के’ लावण्याची पद्धत क्रोली यांची, हातचलाखीपासून वेगळे दाखवण्यासाठी. देवनागरीत तो फरक दिसतच नाही, सोडून द्या.

सणांची नावे कशी उच्चारायची, आणि भारतात ती कशी वापरायची?

साम्हेन असे लिहिलेले दिसते, उच्चार ‘साउइन’. इम्बोल्क. बेल्टेन. लुघनसाध लिहितात, म्हणतात ‘लूनसा’. हे चार गेलिक. गार्डनर यांच्या गटात त्यांना नुसते नोव्हेंबर ईव्ह, फेब्रुवारी ईव्ह, मे ईव्ह, ऑगस्ट ईव्ह म्हणत. उन्हाळी अयनाला लिथा, वसंत संपाताला ऑस्टारा आणि शरद संपाताला मॅबन ही नावे १९७०च्या दशकात अमेरिकेत एडन केली यांनी लावली. मॅबन हे वेल्श कथेतले एक पात्र. शरद संपाताशी त्याचा जुना संबंध नाही. ज्यांना हे खटकते ते ‘शरद संपात’च म्हणतात, आणि ते अगदी योग्य आहे.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, त्यामुळे तिथले बरेच जण साउइन एप्रिल-मेच्या वेशीवर करतात. तिथला मराठी साधक पुण्यातल्या मैत्रिणीला शुभेच्छा पाठवताना सणाचे नाव लिहितो तेव्हा तारीखही लिहिलेली बरी.

भारत उत्तर गोलार्धात आहे, तारखा जुळतात. अर्थ जुळत नाहीत. १ ऑगस्टच्या लूनसाला इंग्लंडमध्ये नव्या गव्हाची पाव-भाकरी होते. महाराष्ट्रात तेव्हा पाऊस चालू असतो, खरिपाची पिके शेतात उभी असतात आणि गहू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवशी ‘कापणी झाली’ असे म्हणणे म्हणजे देवीसमोर खोटे बोलणे. नाव ठेवा, पण आतले शब्द खिडकीबाहेर जे दिसते त्यावरून लिहा.

मराठीत ‘विच’ला चेटकीण म्हणायचे का?

नका म्हणू. इंग्लंडमध्ये १७३५चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर लोकांनी हा शब्द उघडपणे, स्वतःहून अंगावर घेतला. आपल्याकडे चेटकीण आणि डाकीण हे शब्द दुसऱ्याने लादलेले आहेत. नंदुरबारच्या सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याची प्रकरणे घडली आहेत. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली, एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे सांगून तिच्यावर संशय आणणे, तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. ज्या शब्दाने इथे बायकांचे जीव गेले तो हौसेने मिरवणे क्रूरपणाचे आहे.

‘विच’ हा शब्द तसाच ठेवा. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८०च्या दशकात तोच इंग्रजी शब्द उघडपणे स्वतःला लावला. घरच्यांना सांगायचे असेल तर एक वाक्य पुरते: ‘हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला धर्म आहे, त्यात देवी आणि देव, चंद्र आणि ऋतू यांची पूजा असते.’ ‘जादू’ हा शब्द पहिल्या वाक्यात येऊ देऊ नका, आणि रोग बरा करण्याचे, बाधा काढण्याचे दावे कधीच करू नका. ते या धर्मात बसत नाहीत आणि कायद्यातही अडकू शकतात.

पूर्ण विधी मराठीत करता येतो का?

येतो, आणि करावाही. देवतेशी ज्या भाषेत मन मोकळे होते ती भाषा वापरावी. मात्र तीन ठिकाणी ठेच लागते.

दिशा. इंग्लिश पद्धतीत पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. वास्तूच्या पद्धतीत अग्नी आग्नेयेला, जल ईशान्येला, वायू वायव्येला. दोन्ही एकाच वर्तुळात आणू नका. विक्काचा विधी करताना ‘आग्नेय’ हा शब्दच टाळा, म्हणजे मन तिकडे ओढले जात नाही.

क्रियापदाचे लिंग. ‘आवाहन करतो’ की ‘करते’? गटाच्या संहितेत ‘आम्ही आवाहन करतो’ किंवा ‘आवाहन असो’ लिहावे, कार्ड कुणाच्याही हाती गेले तरी चालते.

आणि पूजेचे शब्द. आवाहन, विसर्जन, प्रदक्षिणा हे तयार शब्द अर्थाला अगदी नेमके बसतात. घड्याळाच्या दिशेने फिरण्याला विक्कन ‘जेशिल’ म्हणतात आणि प्रदक्षिणाही तशीच असते. पण प्राणप्रतिष्ठा, संकल्प यांसारख्या शब्दांमागे ठरलेला विधी आहे. तो करणार नसाल तर शब्दही घेऊ नका.

कर्म, स्मजिंग हे शब्द विक्कन लेखनात सर्रास दिसतात. वापरावेत का?

‘स्मजिंग’ उत्तर अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांच्या विशिष्ट विधींसाठी वापरला जातो; नुसती धूपाची धुरी द्यायची असेल तर ‘धुरी’ म्हणा. ‘कर्म’ बहुधा तिप्पट परतीच्या समजुतीसाठी वापरतात, जी वेगळी गोष्ट आहे: केलेले तिपटीने परत येते ही कल्पना विक्काची, कर्मसिद्धांतात असा गुणाकार नाही. मराठी वाचकाला दोन्ही एकच म्हणून सांगितले तर त्याची दोन्हींबद्दल चुकीची समजूत होते.

देवी आणि देव अशी जोडी सगळ्यांना मान्य असते का?

गार्डनर परंपरेत ती पायाभूत आहे. डायॅनिक परंपरेत, जी झुझाना बुडापेस्ट यांनी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केली, फक्त देवी असते. फेब्रुवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पेगन संमेलनात ट्रान्स स्त्रियांना वगळणाऱ्या विधीवरून मोठा वाद झाला, आणि तेव्हापासून निमंत्रणात ‘सर्व स्त्रिया’ म्हणजे नेमके कोण हे स्पष्ट लिहिण्याची सवय अनेकांनी लावून घेतली. निमंत्रण लिहिताना ते दाराशी सांगण्यापेक्षा कागदावर सांगावे.

क्राफ्टचे, म्हणजे वर्तुळात वापरायचे, नाव कसे निवडावे?

गार्डनर यांचे ‘स्किरे’ होते, लॅटिनमध्ये ‘जाणणे’. व्हॅलियंट यांचे ‘अमेथ’. लहान नावे, अंधारात हाक मारता येतील अशी. तीन अक्षरांपर्यंत ठेवा. देवतेचे नाव जसेच्या तसे घेऊ नका. वर्तुळात त्या देवतेला आणि तुम्हाला एकाच नावाने हाक मारायची वेळ येते. ‘लेडी’ किंवा ‘लॉर्ड’ आधी जोडू नका, काही परंपरांत ते वरच्या पायरीनेच लागते. वर्तुळातले नाव आणि ऑनलाइन लिहिण्याचे नाव वेगळे असावे, कारण पहिले फक्त सोबत्यांसाठी असते.

दीक्षित लोक काही प्रश्नांना उत्तरच देत नाहीत. ‘ओथबाउंड’ म्हणजे काय?

शपथेखालचे. कव्हनच्या देवतांची नावे, विधीचा काही मजकूर, सदस्यांची ओळख हे दीक्षा घेताना न सांगण्याची शपथ असते. त्यातले बरेच छापून बाहेर आले आहे, तरीही शपथ घेतलेला माणूस गप्प राहतो, कारण शपथ त्याची आहे, पुस्तकाची नाही. आग्रह करू नये. दीक्षेआधीच्या शिकणाऱ्यांसाठी ‘आउटर कोर्ट’ असते. तिथे काय विचारता येईल असे विचारले की बहुतेक जण मोकळेपणाने आणि भरपूर सांगतात.